काचेवर टकटक करून वाघाचा फोटो चांगला येत नाही

शाळांना सुट्टी लागली की माझ्या व्हॉट्सॲपवर राणीच्या बागेचे फोटो यायला लागतात. नातेवाईक, सोसायटीतली मंडळी, ऑफिसातले मित्र, सगळ्यांचेच. बहुतेक फोटो एकसारखे असतात. काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा, त्यात फोटो काढणाऱ्याच्याच पिवळ्या टीशर्टचं प्रतिबिंब आणि मागे कुठेतरी अंधारात एक तपकिरी ठिपका. खाली लिहिलेलं असतं, ‘वाघ’. विश्वास ठेवायचा तर ठेवा!

आणि मग मला विचारतात, “तुझे बरे येतात रे. कॅमेरा कुठला?”

कॅमेऱ्याचं उत्तर मी देतो, पण खरं उत्तर वेगळंच आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. प्राणिसंग्रहालयात फोटो बिघडतो तो नव्वद टक्के वेळा फोनमुळे नाही, आपल्या वागण्यामुळे. हा आकडा माझा अंदाज आहे, कुठल्या अभ्यासातला नाही. पण इतकी वर्षं त्या काचांपुढे उभा राहून माझं एक मत पक्कं झालंय: जे फोटोसाठी वाईट, नेमकं तेच जनावरासाठीही वाईट. दोन्हीसाठी वेगवेगळे नियम पाठ करायची गरजच नाही.

काचेपासूनच सुरुवात करू, कारण हल्ली नव्या पिंजऱ्यांना गजांऐवजी मोठ्या काचा असतात.

वाघ झोपलेला असतो. कोणीतरी काचेवर बोटाने टकटक करतं. उठला नाही की तळहात. मग चावी. मग लहान मुलाला उचलून, “मार, मार, जोरात मार!” आता वाघाच्या बाजूने बघा. मांजरकुळातलं जनावर दिवसाचा मोठा भाग झोपून काढतं, हा त्याचा आळस नाही, निसर्गच तसा आहे. कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. दिवसभर कुणीतरी त्याच्या घराच्या भिंतीवर ठोकतंय. तो दोनच गोष्टी करू शकतो. एक, लक्ष द्यायचं सोडून देणं. दोन, उठून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाणं. दोन्हीत तुमचा फोटो गेला! टकटक करून वाघ काचेजवळ येऊन पोज देतो, हे मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.

फ्लॅशचंही तेच. समोर काच असेल तर फ्लॅशचा उजेड काचेवर आपटून परत तुमच्याच लेन्समध्ये येतो. आणि काच नसली, तरी वाघ-बिबट्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो. अंधारात दिसावं म्हणून निसर्गाने दिलेला. फ्लॅश मारलात की फोटोत डोळ्यांच्या जागी दोन हिरवट दिवे येतात. म्हणजे जनावराला त्रास देऊन वर फोटोही भुताचा. घरातून निघतानाच फ्लॅश बंद करा. ‘ऑटो’वर ठेवू नका, पूर्ण बंद.

मग काचेतून काढायचा कसा? अगदी सोपं आहे. रुमालाने काचेचा तेवढा भाग पुसा, कारण त्यावर सकाळपासून शंभर पोरांचे हात लागलेले असतात. फोन काचेला हळूच टेकवा, लेन्सभोवती तळहाताचा आडोसा करा. प्रतिबिंब जवळजवळ गायब. कॅमेरा असेल तर रबरी हुड लावा. कपडे गडद घाला, पांढरा शर्ट काचेत सगळ्यात आधी दिसतो. स्क्रीनवर जनावराच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस तिथे थांबेल. डोळा स्पष्ट आला की बाकी थोडं इकडेतिकडे चालतं.

आता पेंग्विन. या पक्ष्यांवरून मुंबईत राजकारण इतकं झालं, की ते मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन आहेत हे सांगायचंच राहून गेलं. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आले आणि २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी उघडला. आत थंडावा, बाहेर आपण, मध्ये काच. बहुतेकांचा फोटो इथे फसतो तो काळ्या-पांढऱ्यामुळे. कक्षात उजेड कमी म्हणून फोन चित्र उजळ करायला जातो आणि पेंग्विनचं पोट पांढरं फटफटीत होतं, पिसं दिसतच नाहीत. पांढऱ्या भागावर बोट ठेवा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा. पोहणाऱ्या पेंग्विनच्या मागे फोन फिरवत बसू नका, तो तुमच्यापेक्षा चपळ आहे. दोन मिनिटं नुसतं बघा. तो बऱ्याचदा त्याच वाटेने गोल फिरून येतो. त्या वाटेवर एक जागा धरा, बर्स्ट मोड लावा आणि थांबा. मागच्यांना जागा द्यायची आहे हेही लक्षात असू द्या. चार फोटो झाले की बाजूला व्हा.

जाळीच्या पिंजऱ्याची युक्ती वेगळी. सावलीतली जाळी निवडा, उन्हात चमकणारी जाळी फोटोत आलीच म्हणून समजा. जनावर जाळीपासून लांब, आत असेल तेव्हाच काढा. कॅमेऱ्यात लेन्सचं तोंड जास्तीत जास्त उघडा, म्हणजे एफचा आकडा लहान, आणि झूम करा. जाळी विरघळून जाते. फोनला दोन-तीन लेन्स असतील तर झूमची खरी लेन्स वापरा. बोटांनी चिमटीत ताणून केलेल्या झूमने फक्त दाणे मोठे होतात. जनावर फारच लांब असेल तर जवळ आणायचा हट्ट सोडा. झाड, पाणी, सावली आणि त्यात लहानसं हरीण, असाही फोटो सुंदर दिसतो. चालणाऱ्या जनावरासाठी शटर स्पीड १/५०० च्या आसपास ठेवा, बसलेल्याला १/१२५ पुरतो.

पण हे सगळं कठड्याच्या अलीकडून. कठडा शोभेसाठी नसतो. २०१४ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या आवारात पडला आणि जिवाला मुकला. वर उभी गर्दी आरडाओरडा करत होती, दगड मारत होती, आणि त्याच वेळी फोनवर चित्रणही चाललं होतं. ते चित्रण देशभर फिरलं. एका फोटोसाठी पोराला कठड्यावर बसवणाऱ्या प्रत्येक बापाने ते आठवावं.

आणि एक गोष्ट अनेकांना माहीतच नसते. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला छेडणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, एवढंच काय तिथे कचरा टाकणं, हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे खाली गुन्हा आहे. नुसती सूचना नाही, शिक्षेची तरतूद असलेला गुन्हा. माकडाने वर बघावं म्हणून वेफर्स फेकणारा माणूस कायदा मोडतोय. त्याला हे कुणी सांगत नाही, कारण आपण सगळे त्याच फोटोसाठी फोन सरसावून उभे असतो.

वेळेचं गणित बघा. शनिवार-रविवारी दुपारी एक वाजता जाऊन “प्राणी झोपलेलेच होते” म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार? त्या उन्हात तुम्ही तरी काय केलं असतं? सकाळी फाटक उघडल्या उघडल्या जा. ऊन तिरपं असतं, गर्दी कमी असते, जनावरं फिरत असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी जमलं तर फारच छान, फक्त बुधवार सोडून. बुधवारी बाग बंद असते. “सुट्टी कसली घेतात?” असं चिडून विचारणारे भेटतात. अहो, आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवावं हा नियमच आहे. साफसफाई होते, आणि जनावरांना एक दिवस आपली तोंडं बघावी लागत नाहीत.

सगळ्यात मोठी युक्ती मात्र फुकट आहे: थांबा. दहा पिंजऱ्यांपुढे दोन-दोन मिनिटं उभं राहण्यापेक्षा दोन पिंजऱ्यांपुढे वीस-वीस मिनिटं काढा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच घडत नाही. मग कान हलतो. मग जांभई येते. वाघाची जांभई ज्याने काढली त्याला डरकाळीचा फोटो वेगळा लागत नाही, राव! आणि खाली बसा. उभ्याने काढलेला फोटो वरून बघितल्यासारखा येतो, जनावराच्या डोळ्याच्या पातळीला आलात की तोच प्राणी तुमच्याशी बोलायला लागतो. गुडघे दुखत असतील तर फोन मुलाच्या हातात द्या. सात वर्षांच्या पोराची उंची या कामाला अगदी बरोबर असते. शिवाय त्याला काम मिळालं की तो काच बडवत नाही. त्याला सांगा, वाघाच्या एका गालावरचे पट्टे दुसऱ्या गालासारखे आहेत का बघ. अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

सराव करायचाय? भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तुटला, मग मुंबईतच राहिला. तो हलत नाही, झोपत नाही, कितीही वेळ पोज देतो. उजेड कुठून येतोय, कुठल्या बाजूने कसा दिसतो, हे त्याच्यावर शिका आणि मग आत जा.

आता थोडं कटू. पिंजरा लपवून जंगलात काढल्यासारखा फोटो काढायची आपल्याला हौस असते. काढा, मीही काढतो. पण टाकताना ‘राणीची बाग’ असं लिहा. ‘वाइल्ड’ लिहून लाइक मिळवणं ही फसवणूक आहे, जनावराचीही आणि जंगलात आठ-आठ दिवस बसणाऱ्या माणसाचीही.

तसंच, एखादं जनावर एकाच रेषेत येरझाऱ्या घालतंय, तीच जागा, तेच वळण, किंवा जागच्या जागी डोकं डोलवतंय, असं दिसलं तर त्यावर गाणं लावून ‘बघा कसा नाचतोय’ म्हणून रील करू नका. असं वागणं बऱ्याचदा कोंडलेपणाचं, ताणाचं लक्षण असतं. कधी जेवणाची वेळ जवळ आली म्हणूनही असेल, बाहेरून आपल्याला निदान करता येत नाही. पण नोंद करता येते. गज, पाणी, सावली सगळं दिसेल असा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि आधी प्रशासनाला लेखी पाठवा. गज लपवलेला फोटो भिंतीवर लावायला छान, पण गज दाखवणारा फोटो कधीकधी त्या जनावराच्या जास्त कामाचा असतो.

“प्राणिसंग्रहालयंच नकोत” म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्यावर वाद व्हायलाच हवा. पण आज तिथे जी जनावरं आहेत, त्यांचा उद्याचा दिवस त्या वादावर ठरणार नाही. तो काचेपुढे उभं राहणारी माणसं कशी वागतात त्यावर ठरणार आहे. आणि “तिकीट काढलंय आम्ही” म्हणणाऱ्यांना एवढंच: तिकीट बघण्याचं आहे, उठवण्याचं नाही.

पालिकेकडे मागणंही छोटंच आहे. ‘काचेवर हात मारू नये’ असं नुसतं दटावणारे फलक लोक वाचत नाहीत. त्याऐवजी काचेशेजारी लिहा, ‘चांगला फोटो हवाय? फ्लॅश बंद करा, फोन काचेला टेकवा, दोन मिनिटं शांत थांबा.’ मराठीत, हिंदीत, चित्रासकट. सुट्टीच्या दिवसांत कॉलेजातल्या स्वयंसेवक मुलांना काचेपुढे उभं करा, दटावायला नाही, फोटो कसा काढायचा ते दाखवायला. फाटक उघडण्याआधी काचा बाहेरून पुसून घ्या. नियम धाकाने पाळून घ्यायला माणसं लागतात, पण त्यात स्वतःचा फायदा दिसला की लोक आपणहून पाळतात. मुंबईकराला फायदा कळतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तर या सुट्टीत जाऊन या. आणि फोटो खाली टाका, चांगला आला असो वा नसो. फक्त सोबत एक गोष्ट लिहा: त्या काचेपुढे किती मिनिटं शांत थांबलात. मला कॅमेऱ्याच्या नावापेक्षा तो आकडा वाचायला जास्त आवडेल.