कृत्तिकांचे चिन्ह आणि सोयीस्कर विस्मरण

१/ सुबारू म्हणजे डोंगर, बर्फ आणि साहस, ही समजूत जाहिरातींनी रूढ केली. तिलाच इतिहास मानण्याला माझा आक्षेप आहे.

२/ जपानी भाषेतील ‘सुबारू’ म्हणजे आपल्या कृत्तिका. चिन्हातील सहा ताऱ्यांपैकी मोठा तारा फुजी हेवी इंडस्ट्रीजचा. उरलेले पाच तिच्यात एकवटलेल्या कंपन्यांचे.

३/ या कंपन्या नाकाजिमा विमान कंपनीचे अवशेष होत्या. झीरो या लढाऊ विमानाचा आराखडा मित्सुबिशीचा. परंतु निम्म्याहून अधिक झीरो नाकाजिमानेच बांधली. पराभवानंतर दोस्त राष्ट्रांनी विमाननिर्मितीवर बंदी घातली आणि कंपनीचे तुकडे केले. म्हणजे शांततेकडचे हे वळण सक्तीचे होते. त्याला हृदयपरिवर्तन म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

४/ चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीचा उगमही साहसात नाही. तोहोकू विद्युत कंपनीला हिमप्रदेशातील कर्मचाऱ्यांसाठी जीपहून सुखकर वाहन हवे होते. त्या मागणीतूनच १९७२ ची लिओने आली. जाहिरातीत गिर्यारोहक झळकतो, वीजकर्मचारी मात्र अदृश्य राहतो.

५/ गाडीवर खुशाल प्रेम करावे. पण तिच्या ताऱ्यांकडे पाहताना झीरोही आठवावे आणि तो वीजकर्मचारीही. दोघांना वगळून उरते ती केवळ जाहिरात.