कॅसेटची पाठचिकित्सा

मराठी समीक्षेत ‘पाठ’ हा शब्द आता सर्रास छापील मजकुराच्या अर्थाने वापरला जातो. त्याला आमची हरकत नाही. परंतु पाठ म्हणजे मुळात मोठ्याने म्हणणे, हे आपण विसरत चाललो आहोत. पाढे पाठ करतात, हरिपाठ म्हणतात. ‘संहिता’ या शब्दाची कथाही तीच. वेदपठणाच्या परंपरेत संहितापाठ म्हणजे संधी न सोडवता सलग म्हटलेला पाठ आणि पदपाठ म्हणजे तीच पदे सुटी करून म्हटलेला पाठ. दोन्ही गोष्टी कानाने पारखायच्या. आम्ही मात्र वर्षानुवर्षे कविता शिकवताना ‘संहितानिष्ठ वाचन’ असे म्हणत बोट नेहमी कागदावरच ठेवत आलो. आमची ही चूक एखाद्या सिद्धान्तग्रंथाने दाखवून दिली असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. ती दाखवून दिली एका मोडक्या कॅसेट डेकने.

झाले असे. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातले जुने कपाट रिकामे करताना बुटाच्या दोन खोक्यांत चाळीसएक कॅसेट सापडल्या. वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमांतली काव्यवाचने, व्याख्याने, एक-दोन मुलाखती, असा तो ऐवज. काहींवर निळ्या शाईत नावे होती, काहींवर नुसतेच ‘स्नेहसंमेलन’. विभागात प्रक्षेपक होता, स्पर्शाने चालणारा फळा होता. पण कॅसेट वाजवण्याचे यंत्र नव्हते, आणि वाजत नाही ती वस्तू भंगार या न्यायाने खोकी दाराबाहेर आली. आम्ही ती उचलली. आम्ही म्हणजे दोन अध्यापक, एक निवृत्त ग्रंथपाल आणि एम. ए.ला असलेली एक विद्यार्थिनी. ग्रंथपालांच्या एरंडवण्यातल्या घराचे गॅरेज मोटार विकल्यापासून रिकामेच होते. तिथे एक श्रवणयंत्रणा उभी करायची, तीही जुन्या सामानातून, कारण नवीन घेण्याची ऐपत नव्हती आणि नव्या दुकानांत कॅसेट डेक मिळण्याची आशाही नव्हती.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ऐंशीच्या दशकातला एक देशी बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर बाराशे रुपयांना मिळाला. लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर आठशेला आणि डेक पाचशेला. ‘चालू आहे का?’ या प्रश्नाला विक्रेत्याने ‘लावून बघा’ असे प्रामाणिक उत्तर दिले. आम्ही लगेच लावून बघितले नाही, हे आमच्या हातून घडलेले पहिले शहाणपण. तेही आमचे नव्हे. तपकीर गल्लीत ज्यांच्याकडे सुट्या भागांसाठी गेलो त्या वयस्क कारागिराने, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणते, आम्हांला बजावले, “सर, जुनं मशीन थेट भिंतीत खुपसायचं नाही. आधी सिरीज बोर्डावर घ्या.” म्हणजे विजेच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब घालायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब मंद झाला.

पाठोपाठ गुरगुर सुरू झाली. वीजपुरवठ्यातले मोठे कॅपॅसिटर वाळले की पन्नास आवर्तनांच्या विजेची दुप्पट आवर्तने स्पीकरमधून घुमू लागतात. दोन कॅपॅसिटर बदलल्यावर ती निमाली. आवाज वाढवण्याच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी गेली. स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. ती काकांनी सहाशे रुपयांत नवी बसवून दिली. सुटे भाग, तारा आणि डेकचे बेल्ट धरून एकूण खर्च चार हजारांच्या आत राहिला. गॅरेजचे लोखंडी शटर विशिष्ट खालच्या स्वराला थरथरत असे. त्यावर दोन गोधड्या टांगल्या आणि मागच्या भिंतीला जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे छातीइतके रचले. उघड्या भिंतीवरून परतणारा नाद त्यांनी चांगला शोषला. (मराठी नियतकालिकांचा हा उपयोग कोणा वाङ्मयेतिहासकाराने नोंदवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

ग्रंथपालांकडे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या होत्या, म्हणून एक रेकॉर्ड प्लेअरही उसना आणला. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची खाच लाँगप्लेच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. लाँगप्लेची सुई तिच्यात टाकली तर ती तळाच्या धुळीत घसटते आणि गाण्यापेक्षा धूळच अधिक ऐकू येते. योग्य जाडीची सुई लावल्यावर पुष्कळसा पावसासारखा आवाज गेला. ‘जुनी रेकॉर्ड अशीच वाजायची’ हे जे आपण मान डोलावून म्हणतो, त्यात रेकॉर्डचा दोष किती आणि आपल्या सुईचा किती, हा प्रश्न तेव्हा प्रथम मनात आला.

खरा धडा पुढे होता. डेकचा जुना बेल्ट डांबरासारखा वितळला होता. तो खरवडून नवा बसवला. चाके फिरू लागली आणि आम्हांला घाई झाली. एका दिवंगत कवीच्या (नाव मुद्दामच देत नाही) वाचनाची कॅसेट आम्ही आत घातली. खोकला, खुर्च्यांचे आवाज, कोणीतरी ‘माईक जवळ घ्या’ म्हणाले, आणि मग तो आवाज आला. वर्गात आम्ही किमान पंधरा वेळा शिकवलेली कविता. दुसऱ्या कडव्यात छापील शब्दाच्या जागी कवीने वेगळाच शब्द उच्चारला. आमच्या विद्यार्थिनीने संग्रह उघडलाच होता; तिने मान वर केली. आणि त्याच क्षणी आवाज लडखडला, चिरकला, बंद झाला. रबरी रोलर चिकट झालेला होता. तो स्पिरिटने पुसायचा राहिला होता. फीत त्याच्याभोवती गुंडाळली जाऊन चुरगळली. बोटभर लांबीची चुरगळ, असे म्हणता येईल. पण कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. बोटभर म्हणजे एक-दीड सेकंद, एखादा शब्द. नेमका तोच. फीत सरळ करून पुन्हा लावली तेव्हा तिथे केवळ घुसमटलेला नाद उरला. आम्हां चौघांनी तो शब्द एकदाच ऐकला आणि तो कोणता होता याविषयी आमच्यात आजही दोन मते आहेत.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढे काय? आम्ही बसतो त्या गॅरेजपासून भांडारकर संस्था फार दूर नाही. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक सिद्ध होत होती. एकेका शब्दासाठी काश्मिरी, देवनागरी, मल्याळी लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती काय म्हणून? लेखकाच्या हातच्या दुरुस्तीला आपण पाठभेद म्हणतो आणि तळटीप देतो. त्याच लेखकाच्या तोंडची दुरुस्ती मात्र ‘वाचताना झालेली चूक’ किंवा नुसती आठवण ठरते. हा भेद आम्हांला समर्थनीय वाटत नाही.

आणि पाठचिकित्सा म्हटली की प्रतीआधी प्रत करणाऱ्या लेखनिकाकडे पाहावे लागते. इथे लेखनिक म्हणजे डेक. हेड फितीशी काटकोनात भिडले पाहिजे. किंचित तिरके झाले की वरचे स्वर झडतात आणि पहिला घाला उष्म वर्णांवर पडतो. ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळतात. ‘चाक’मधला च आणि ‘चंद्र’मधला च यांतला फरक पुसट होतो. हा फरक आपली लिपी दाखवतच नाही; तो फक्त उच्चारात राहतो, म्हणजे ध्वनिमुद्रणातच सापडायचा. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवत कानाने ‘स’ सर्वांत स्वच्छ कुठे लागतो ते शोधायचे, आणि प्रत्येक कॅसेटसाठी पुन्हा, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर मुद्रित झालेली. पहिल्या दिवशी आम्ही ज्या व्याख्यात्याला बोबडा ठरवले होते, त्याचा स्क्रू लावल्यावर ‘श’ ठणठणीत निघाला. बेल्ट सैल असेल तर गती डळमळते. मग कवीने यती कुठे घेतली आणि यंत्राने कुठे घेतली हे सांगता येत नाही. वृत्ताच्या अभ्यासकाला याहून मोठी फसगत कोणती?

म्हणूनच ‘आता सगळे डिजिटल करून टाका’ या सल्ल्याविषयी आम्ही सावध आहोत. अंकीकरण हवेच, त्याविना फीत टिकणार नाही. पण तिरक्या हेडवरून आणि ढिल्या बेल्टवरून घेतलेली प्रत म्हणजे डुलक्या घेणाऱ्या लेखनिकाने उतरवलेली पोथी. तिच्या हजार नकला क्षणात होतील, प्रत्येक नक्कल निर्दोषपणे सदोष असेल, आणि मूळ फीत तोवर फेकली गेलेली असेल. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखाच्या घरातला संग्रह उभा केला, त्यात ओव्या केवळ लिहून घेतल्या नाहीत, पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने बायकांचे आवाजही मुद्रित झाले. त्यामुळे आज ओवीचा चौथा चरण कुठे लांबतो हे ऐकता येते. वाङ्मय मंडळांच्या कपाटांतल्या कॅसेट तितक्या काळजीने मुद्रित झाल्या नसतील; म्हणून तर त्या वाजवताना अधिक काळजी हवी.

उच्च प्रतीच्या ध्वनीचे षौकीन आमच्या गॅरेजला हसतील. त्यांच्या तारांच्या किमतीत आमच्यासारख्या दहा यंत्रणा होतील. पण आम्हांला मंद्रातल्या मंद्र स्वराची गडगड नको आहे. माणसाचे बोलणे स्पष्ट यावे, श्वास कुठे घेतला ते कळावे, एवढेच मागणे आहे आणि ते जुना ॲम्प्लिफायर बिनतक्रार पुरवतो. ‘मोबाइलवर सगळे मिळते’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र आम्ही एवढेच विचारतो की खोक्यातली कॅसेट मोबाइलमध्ये कुठून घालायची? मराठी विभागाने एक चालता डेक बाळगावा आणि पदव्युत्तर वर्गाला तो पुसायला, जुळवायला शिकवावे, हे आम्ही गमतीने म्हणत नाही. हस्तलिखित वाचण्यासाठी मोडी शिकवतो, तसेच हे.

चाळीसपैकी सव्वीस कॅसेट आतापर्यंत ऐकून, स्क्रू लावून, उतरवून झाल्या आहेत. चुरगळलेली कॅसेट काकांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती उजेडात धरली. “बाळा, ही आता ओढू नकोस,” ते आमच्या विद्यार्थिनीला म्हणाले, “नव्या कवचात घालून देतो, सहा महिने गुंडाळून ठेव. दाबानं थोडी सपाट होईल. मग बघू.” सहा महिने येत्या ज्येष्ठात पुरे होतील.