प्रवाळाचे राखणदार मासे

जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला २०२३ च्या आरंभापासून प्रवाळ पांढरे पडावेत इतक्या उष्णतेचा तडाखा बसला, असे आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. पाणी तापले की प्रवाळजीव आपल्या शरीरात राहून अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालाला बाहेर टाकतात आणि उष्मा लांबल्यास उपासमारीने मरतात. अशा जागतिक संकटापुढे किनाऱ्यावरील सामान्य कोळी काय करू शकणार, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर काही अंशी माशांपाशी आहे.

मेलेल्या प्रवाळावर मोठ्या शैवालाचे रान माजले, तर प्रवाळाच्या नव्या पिढीला खडकावर रुजण्यास जागा उरत नाही. पोपटमाशासारखे शैवालभक्षी मासे हे रान खरवडून खडक मोकळा ठेवतात. शेजारच्या सागरी गवताच्या कुरणांत प्रवाळावरील कित्येक माशांची पिले लहानाची मोठी होतात. गवत, मासा आणि प्रवाळ यांपैकी एकाची हानी झाली की इतरांनाही तिची झळ पोहोचते.

फिलिपिन्स या कॅथलिकबहुल देशाचा अनुभव येथे बोलका आहे. सुमिलॉन बेटाभोवतीच्या प्रवाळक्षेत्राचा सुमारे पाव भाग १९७४ पासून मासेमारीसाठी बंद होता. १९८४ मध्ये हे संरक्षण कोलमडले आणि सर्वत्र जाळी पडू लागली. क्षेत्र वाढले, तेव्हा मासळीही वाढावयास हवी होती. परंतु एकूण मासळी निम्म्याहून अधिक घटली, असे सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एंजल अल्काला आणि त्यांचे सहकारी गॅरी रस यांना आढळले. राखीव पाव भागच उरलेल्या तीन भागांना मासे पुरवत होता.

जवळच्या आपो बेटावर मात्र १९८२ मध्ये ग्रामस्थांनीच प्रवाळाचा एक लहान पट्टा राखून ठेवला आणि त्यावर स्वतः पहारा ठेवला. १९८५ मध्ये त्यास स्थानिक शासनाची मान्यता मिळाली. पुढे तेथे माशांची संख्या वाढत गेली. २०११ व २०१२ च्या चक्रीवादळांनी त्या पट्ट्यातील प्रवाळाची मोठी हानी केली, हेही खरे. राखीव क्षेत्र वादळ वा उष्णता अडवू शकत नाही. मात्र घाव भरून निघण्यास लागणारे मासे ते शिल्लक ठेवते.

फिलिपिन्सच्या महागुरूंनी १९८८ मध्येच आपल्या पत्रातून सृष्टीच्या या विध्वंसाविषयी इशारा दिला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांच्या ऱ्हासाविषयी लिहिताना त्याच पत्राचा आधार घेतला. पाण्यात जीवजंतूंचे थवे असोत ही उत्पत्तीच्या पुस्तकातील देवाची इच्छा आहे. तिचे पालन हा श्रद्धेचाच भाग आहे.

मालवणचा अपवाद वगळता आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ फारसे नाहीत. तथापि पावसाळ्यातील मासेमारीबंदी आणि पिलांना निसटू देणारे रुंद आसाचे जाळे यांमागील न्याय तोच आहे. सुमिलॉन येथे संरक्षण मोडले, आपो येथे टिकले. दोहोंतील भेद केवळ कायद्याचा नव्हता. जेथे गावाने राखण आपली मानली, तेथेच मासा राहिला. आपल्या धर्मग्रामांतील मच्छीमार बांधवांनी आणि मासळी विकत घेणाऱ्या आपण सर्वांनीही याचा विचार करावा.