शपथ घ्या, पण आधी दोन्ही शहरं पाहून या

‘स्कायरिम’ हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. इतकी वर्षं झाली, तरी तो खेळलेली दोन माणसं भेटली की एक प्रश्न ठरलेला: तू कोणाकडून लढलास? साम्राज्याकडून की स्टॉर्मक्लोकांकडून? त्यानंतर जे भांडण जुंपतं ते ऐकण्यासारखं असतं. चहा थंड होतो, आवाज चढतात, जुने मित्र एकमेकांना विकले गेलेले ठरवतात. माझी या मंडळींना एक विनंती आहे. मात्र गेम न खेळलेल्यांना आधी थोडं सांगायला हवं.

स्कायरिम हा उत्तरेकडचा बर्फाळ प्रांत. तिथले रहिवासी प्रामुख्याने नॉर्ड. थॅल्मोर या एल्फ सत्तेशी झालेल्या मोठ्या युद्धात थकलेल्या साम्राज्याने तह केला आणि त्या तहात नॉर्डांच्या लाडक्या टॅलोस देवाच्या पूजेवर बंदी मान्य केली. उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक या सरदाराने बंड पुकारलं आणि तरुण महाराजा टॉरिगला ठार मारलं. ते द्वंद्व होतं असं त्याचे लोक म्हणतात, सरळ खून होता असं विरोधक म्हणतात. तुम्ही खेळायला बसता तेव्हा हात बांधलेल्या अवस्थेत एका गाडीतून वधस्तंभाकडे निघालेले असता आणि त्याच गाडीत उल्फ्रिकही बसलेला असतो. मारायच्या माणसांच्या यादीत तुमचं नावच नसतं. तरी साम्राज्याची कप्तान तुम्हाला ओंडक्यावर मान ठेवायला लावते. तेवढ्यात ड्रॅगन येतो, धावपळ होते आणि किल्ल्यात शिरताना दोघे जण तुम्हाला हाक मारतात. एक हॅडवर, साम्राज्याचा शिपाई. दुसरा रालॉफ, बंडखोर. ज्याच्यामागे जाल तो तुमच्या हातांचे दोर कापतो. पुढच्या काही मिनिटांत त्याच्या शत्रूंवर तुम्ही तलवार चालवलेली असते.

पुष्कळांची निष्ठा इथेच ठरून जाते. आपण विचार करून बाजू घेतली असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे ज्याने दोर कापले त्याचे आपण झालेलो असतो.

गेम लिहिणाऱ्यांनी यात एक खोच ठेवली आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. हॅडवर आणि रालॉफ एकाच गावचे. गावाचं नाव रिव्हरवुड. हॅडवर तुम्हाला लोहारकाम करणाऱ्या काकाकडे नेतो, रालॉफ लाकडाची गिरणी चालवणाऱ्या बहिणीकडे. दोन्ही घरी जेवणखाण आणि आसरा मिळतो. आणि दोन्ही घरची माणसं तुम्हाला एकच काम सांगतात: व्हाइटरनच्या सरदाराकडे जा आणि ड्रॅगनपासून गाव वाचवायला शिपाई पाठवायला सांग. बाजू दोन, गरज एक.

उपकार विसरावेत असं मी म्हणत नाही. कर्णाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. भर रंगभूमीवर ज्याने मान राखला, त्याची साथ कर्णाने शेवटपर्यंत सोडली नाही, म्हणून आपला जीव त्याच्यावर जडतो. पण द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा विकर्णाने विरोध केला आणि त्याला दटावून गप्प करणारा कर्णच होता, हेही महाभारतातच आहे. उपकाराची परतफेड करताना माणूस मित्राच्या पापाचीही वकिली करू लागतो. माझं भांडण आहे ते त्या वकिलीशी.

म्हणून माझी विनंती अशी की कोणाच्याही सैन्यात नाव घालण्याआधी दोन्ही बाजूंची मुख्य शहरं पायी फिरा. गेम तुम्हाला अडवत नाही, घाईही करत नाही.

साम्राज्याचा अभिमान असेल तर सॉलिट्यूडच्या वेशीतून आत शिरा. समोर रॉगवीर नावाच्या पहारेकऱ्याचं मुंडकं उडवायची तयारी चाललेली दिसेल. गुन्हा काय, तर टॉरिगच्या मृत्यूनंतर त्याने उल्फ्रिकला वेस उघडून दिली. गर्दीत त्याची लहान भाची असते. काकुळतीला येऊन ती मामाला सोडवायला सांगते. तुमच्याने काही होत नाही.

आता उल्फ्रिकच्या विंडहेल्मला जा. इथे मात्र घाई करू नका. शहरात पाऊल टाकताच काही नॉर्ड एका डार्क एल्फ बाईला दरडावत असतात. त्यातला रॉल्फ हा उल्फ्रिकच्या उजव्या हाताचा, गॅलमारचा, सख्खा भाऊ. तिच्या जातीच्या लोकांना शहराचा एक कोंदट, पडका भाग राहायला दिलेला आहे, त्याला ग्रे क्वार्टर म्हणतात. आर्गोनियन जमातीच्या मजुरांना तर तटबंदीच्या आत यायचीच बंदी. दिवसभर बंदरावर माल उचलायचा आणि बाहेरच निजायचं. ‘स्कायरिम नॉर्डांचं’ ही घोषणा देवाच्या पूजेचं स्वातंत्र्य मागणाऱ्या माणसाची आहे आणि ती ऐकताना छाती भरून येते. ग्रे क्वार्टरच्या बोळातून चालताना तीच घोषणा कशी वाटते ते स्वतः पाहा. त्याच शहरात ब्रुनवुल्फ नावाचा एक म्हातारा नॉर्ड योद्धा या लोकांची बाजू घेऊन उघडपणे बोलतो. म्हणजे बोलणं अशक्य नव्हतं.

आणि एक कागद वाचायला विसरू नका. मुख्य कथेच्या ओघात तुम्ही थॅल्मोरच्या वकिलातीत शिरता. तिथे उल्फ्रिकवरची गुप्त नोंदवही सापडते. तिच्यात लिहिलेलं असतं की हा युद्धात आमचा कैदी होता, आम्ही त्याचा उपयोग करून घेतला. पण तो जिंकणं आमच्या फायद्याचं नाही, हे भांडण चालत राहणं आमच्या फायद्याचं. दोन्ही बाजूंच्या कट्टर मंडळींनी ते पान वाचावं आणि मग एकमेकांवर ओरडावं.

एवढं पाहूनही बाजू घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या. ‘दोन्ही सारखेच’ म्हणून हात झटकणाऱ्यांपैकी मी नाही. माझं मत विचाराल तर साम्राज्याकडे कमी वाईट म्हणून झुकतं. पण टॅलोसच्या भक्तांना थॅल्मोरचे लोक धरून नेतात आणि साम्राज्य बघत राहतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. ते नाही हे मान्य करूनही त्या बाजूने राहता येतं.

बाजू बदलायची एक संधीही गेममध्ये आहे. सुरुवातीच्या मोहिमेत जुना राजमुकुट हाती लागतो. तो आपल्या सेनापतीऐवजी समोरच्याला नेऊन दिला की तुम्ही त्यांचे. काही जण याला गद्दारी म्हणतात. हा शब्द आपल्याकडे हल्ली शेंगदाण्याच्या पुडीइतका स्वस्त झाला आहे. डोळ्यांनी पाहून, लढाई पेटण्याआधी, काहीही न घेता केलेला बदल आणि किंमत ठरवून केलेला बदल यांना एकाच नावाने हाका मारू नका.

युद्धातला बाकीचा भाग, हा किल्ला घे, तो किल्ला घे, तसा कंटाळवाणाच आहे. पण व्हाइटरनचा हल्ला सोडू नका. सरदार बॅलग्रूफने तुम्हाला मान दिला, आपल्या दरबारात पद दिलं. बंडखोरांकडून लढलात तर त्याच्याच वाड्यात तुम्ही शस्त्र घेऊन चढता. याच शहरात ग्रे-मेन आणि बॅटल-बॉर्न ही दोन घराणी राजकारणापायी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. एकेकाळी ती मित्र होती. ग्रे-मेनांचा मुलगा युद्धात बेपत्ता आहे आणि बॅटल-बॉर्नांचा माणूस त्याच्या आईला भर बाजारात टोमणे मारतो. दोन्ही घरांतली एक मुलगी आणि एक मुलगा मात्र गुपचूप प्रेमात आहेत. तो बेपत्ता मुलगा थॅल्मोरच्या तुरुंगात असतो आणि त्याला सोडवून आणता येतं. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, ते काम आधी करा.

पालकांनाही एक सांगणं आहे. या गेममध्ये रक्तपात भरपूर आहे, अमेरिकेत त्यावर सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी असा शिक्का आहे. तेव्हा लहानग्याच्या हाती देऊ नका. पण घरात मोठा मुलगा किंवा मुलगी हा गेम खेळत असेल, तर ‘किती वेळ झाला’ हा एकच प्रश्न विचारून थांबू नका. तू कोणाकडून लढतोयस, का, आणि तुझ्या बाजूचं काय चुकलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर त्याला वेळ द्या.

आणि तुम्ही स्वतः खेळणारे असाल, तर पुढच्या वेळी नवा डाव मांडताना ज्याच्या मागे कधी गेला नाहीत त्याच्या मागे जा. मग मित्राशी वाद घालायला बसा. तो ग्रे क्वार्टरचं किंवा रॉगवीरच्या भाचीचं नाव काढेल तेव्हा त्याच्या बाजूचं पाप मोजायला घेऊ नका. आधी ‘हे आमचं चुकलं’ एवढं म्हणा.