बावीस नंबरचा पोर्ट उघडा ठेवायचा का?

घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा फायली साठवायच्या नासवर बाहेरून लॉगिन करता यावं म्हणून राउटरमधून २२ नंबरचा पोर्ट उघडला, तर थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी हजेरी लागायला लागते. ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’, ‘पाय’ अशी नावं सांगून कुणाची तरी यंत्रं एकामागून एक पासवर्ड लावून बघत असतात. तुमच्याशी त्यांचं वैर नसतं. आयपीव्ही-४चे सगळे पत्ते मिळून साधारण ४३० कोटी, आणि ते धुंडाळणं आता किरकोळ काम झालं आहे.

तेव्हा ही सोय बंदच ठेवावी हा सल्ला सोपा आहे आणि बहुतेकांसाठी बरोबरही. पण बर्लिनमध्ये नोकरी करणारी मुलगी साताऱ्यातल्या घरचं यंत्र सांभाळत असेल, तर ‘बाबा, मागची वायर काढून परत लावा’ असं फोनवर सांगत बसण्यापेक्षा तिला लॉगिन हवंच असणार. तिला नुसतं ‘बंद कर’ म्हणणं म्हणजे प्रश्न न ऐकताच उत्तर देणं.

धोका नेमका कुठे आहे? हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर १९९५ साली तातू यूल्योनेन यांनी एसएसएच लिहिलं; २२ नंबरच्या पोर्टावरून होणारं लॉगिन ते हेच. त्याआधीचं टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचं. एसएसएचनं वाट झाकली. पण पासवर्डच ‘अ‍ॅडमिन’ असेल, तर झाकलेल्या वाटेनं चोरही सुखरूप येतो. २०१६ साली मिराई या मालवेअरनं कॅमेरे आणि राउटर बळकावले, ते कारखान्यातूनच आलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या टेलनेटवर लावून.

रास्पबेरी पायवाल्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात एसएसएच मुळातच बंद करून द्यायला सुरुवात केली आणि २०२२मध्ये सगळ्यांना ठाऊक असलेला ‘पाय’ हा युजरही काढला. मॉनिटर न लावता पाय चालवणाऱ्यांच्या मागे एसएसएच चालू करायला कार्डावर एक रिकामी फाइल टाकायचा उपद्व्याप लागला. तरी निर्णय योग्यच, कारण उघडायचं की नाही हे ठरवणं मालकाच्या हातात राहिलं.

उघडायचंच ठरलं तर पासवर्डानं लॉगिन पूर्ण बंद आणि फक्त एसएसएच-की, म्हणजे आपल्या यंत्रावर ठेवलेली गुप्त किल्ली, यात तडजोड नको. याचीही किंमत आहे: लॅपटॉप हरवला की आपणच बाहेर. साताऱ्यातल्या माणसाला यंत्राला कीबोर्ड लावता येईल, बर्लिनमधलीला नाही. म्हणून दुसऱ्या यंत्रावरची दुसरी की आधी नोंदवावी. आणि सेटिंग बदलताना चालू असलेलं लॉगिन तसंच ठेवून वेगळ्या खिडकीतून नव्यानं आत शिरून बघावं. ते जमल्याशिवाय पहिली खिडकी मिटू नये. २२च्या जागी २२२२ केल्यानं लॉग शांत होतो, एवढंच. त्याला सुरक्षा समजून निर्धास्त होणारे बरेच भेटतात.

पण की लावली म्हणजे संपलं असंही नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत एसएसएचपर्यंत पोचणारी चोरवाट सापडली. एसएसएचनं लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं म्हणून. ती सर्वत्र पसरली असती तर तुमची की कितीही भक्कम असून उपयोग नव्हता. म्हणून माझा कल एसएसएच थेट बाहेर न मांडता वायरगार्ड या व्हीपीएनमागे ठेवण्याकडे आहे. ओळखीची की नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे धुंडाळणाऱ्याला तिथं काही आहे याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडे अडचण अशी, की अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर एकच आयपीव्ही-४ पत्ता कित्येक घरांत वाटलेला असतो. बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोचतच नाही. मग टेलस्केलसारखा मध्यस्थ घ्यावा लागतो आणि एका कंपनीवर विसंबावं लागतं. बहुतेक घरांना हा सौदा परवडतो असं मला वाटतं, ज्याला पटत नाही त्याचा आक्षेपही चुकीचा नाही. मात्र पत्ता वाटलेला आहे म्हणून आपण सुरक्षित, हे गृहीत धरू नये. आयपीव्ही-६वर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो आणि तिथं अडवायला फक्त राउटरची फायरवॉल असते.

या सगळ्यात मालकाला निवड आहे असं आपण धरून चाललो. नोव्हेंबर २०१६मध्ये डॉइच टेलेकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या, कारण कंपन्या दुरून राउटर सांभाळायला वापरतात त्या ७५४७ नंबरच्या पोर्टावर मिराईचाच एक अवतार धडका देत होता. तो पोर्ट ग्राहकांनी उघडला नव्हता. आपल्याकडेही जोडणीबरोबर आलेला राउटर बहुधा कंपनीच दुरून सांभाळते. घरी माणूस न येता बिघाड निघतो, हा फायदा खरा. पण कोणता पोर्ट कुणासाठी उघडा आहे हे ग्राहकाला निदान राउटरच्या पानावर दिसलं पाहिजे, आणि स्वतःचा राउटर लावतो म्हटल्यावर कंपनीनं खळखळ करू नये. जर्मनीत तो हक्क १ ऑगस्ट २०१६पासून कायद्यानंच दिलेला आहे.