मॅडम, वाचतेय!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रात्री साडेअकराला रेक्टर मॅडमचा राउंड होता. आमच्या रूमचं दार उघडंच होतं आणि मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसले होते. मॅडमनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मॅडम, वाचतेय." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. खरोखरच उजव्या बाजूला मजकुराचा लांबलचक रकाना होता. "छान. पण लवकर झोपा," म्हणून मॅडम पुढे गेल्या. माझी रूममेट उशीत तोंड घालून हसत होती, कारण मी गेम खेळत होते!

मॅडम हा अंक वाचतीलच, म्हणून आधीच कबुली देऊन टाकते. पण मॅडम, मी खोटं बोलले नव्हते. त्या गेमचं नाव 'डिस्को एलिझियम', २०१९ सालचा. त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत. एक कफल्लक, स्मृती गेलेला डिटेक्टिव्ह, एक खून, आणि बाकी नुसतं वाचन. ज्ञानेश्वरी नसेल, पण वाचन ते वाचनच ना!

हा किस्सा मेसमध्ये सांगितला की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पहिली: "गेममध्ये कसली आलीय स्टोरी? स्टोरी म्हणजे जिथे आपण स्किपचं बटण दाबतो तेच ना?" दुसरी आमच्यासारख्या गेमवेड्यांची: "अगं, आताच्या गेम्सची स्टोरी म्हणजे अगदी पिक्चरच!" पहिली ऐकून राग येतो, पण खरं सांगू का, मला दुसरी जास्त चुकीची वाटते. पिक्चरसारखं असणं हीच जर गेमची थोरवी असेल तर सरळ पिक्चरच बघावा की! तीन तासांत संपतो आणि बटणंही दाबावी लागत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. गेममधलं लिखाण मोठं होतं ते शब्दांच्या संख्येमुळे नाही आणि महागड्या ग्राफिक्समुळे तर नाहीच. गोष्ट आपल्याला सांगितली न जाता जेव्हा आपल्या हातून घडते, तेव्हा ते मोठं होतं. कादंबरीत नायक चुकला की आपण हळहळतो. गेममध्ये चुकलेले आपणच असतो. हळहळ वेगळी आणि अपराधी वाटणं वेगळं.

उदाहरण देते. 'पेपर्स, प्लीज' हा २०१३ चा गेम. लुकस पोप नावाच्या एकाच माणसाने तो लिहिला, त्याचं कोडिंग केलं, चित्रं काढली आणि संगीतही त्यानेच दिलं. (चार-चार जणांच्या फायनल इयर प्रोजेक्ट ग्रुप्सनी नोंद घ्यावी!) साल १९८२, आर्स्टोट्झका नावाचा एक काल्पनिक हुकूमशाही देश. आपल्याला लॉटरीत सरकारी नोकरी लागते. काम काय, तर सीमेवरच्या चौकीत बसून येणाऱ्यांची कागदपत्रं तपासायची. पासपोर्टची मुदत, फोटो, शहराचं नाव, परवाना. सगळं जुळलं तर हिरवा शिक्का, नाही जुळलं तर लाल. बस्स, एवढाच गेम. म्हणजे पदरचे पैसे खर्च करून खिडकीमागचा क्लार्क व्हायचं!

पण थांबा. नीट तपासलेल्या माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी सहाला चौकी बंद होते आणि घरचा हिशोब समोर येतो. भाडं, जेवण, खोली गरम ठेवण्याचा खर्च. घरी बायको, मुलगा, सासू, काका. हिशोब काही केल्या जुळत नाही. जेवण वाचवलं की कुणीतरी उपाशी, शेगडी वाचवली की कुणीतरी आजारी, मग औषधाचा खर्च वेगळा. त्यात नियम असा की दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसऱ्या चुकीपासून पैसे कापणार.

पाचव्या दिवशी रांगेत एक नवरा-बायको येतात. नवऱ्याचे कागद चोख असतात. जाताना तो सांगून जातो की मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. व्हायोलिन वाजत नाही, क्लोजअप नाही. बाहेर रांग उभी, घड्याळ चालू आणि आपल्या हातात दोन शिक्के.

पहिल्यांदा खेळताना मी तिला परत पाठवलं. माझ्याकडून त्या दिवशी दोन चुका आधीच होऊन गेल्या होत्या, तिसरीला पैसे गेले असते आणि घरी मुलगा आजारी होता. निर्णयाला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. पुढच्या माणसाचा पासपोर्ट हातात घेतला आणि मग एकदम लक्षात आलं की आपण आत्ता काय केलं.

दुसऱ्यांदा खेळताना मी तिला सोडलं, आणि तेव्हापासून एक गंमत सुरू झाली. मी रोजच्या माझ्या दोन चुका राखून ठेवायला लागले! खऱ्या गरजूसाठी. म्हणजे माझ्याकडे दयेचा कोटा होता, रोज दोन. आणि बऱ्याचदा तो कोटा माझ्या स्वतःच्या गाढवपणामुळे दुपारीच संपलेला असायचा. मग नंतर येणाऱ्याने कितीही हात जोडले तरी लाल शिक्का.

व्यवस्था चांगल्या माणसाला कशी वाकवते, यावर त्या गेममध्ये कुणीही भाषण देत नाही. "दोन चुका माफ" एवढा एक नियमच सगळं बोलून जातो. मला विचाराल तर त्या गेममधलं सर्वांत चांगलं वाक्य हेच आहे, आणि ते संवादात नाही, कोडमध्ये लिहिलेलं आहे.

आता दुसरी कबुली. ही मात्र हसण्यासारखी नाही. आपल्या फेस्टच्या वेळी मी मेन गेटवर व्हॉलंटिअर होते. गळ्यात बॅज, हातात लिस्ट, आय-कार्ड किंवा पास असल्याशिवाय प्रवेश नाही. फर्स्ट इयरच्या एका मुलीचा ग्रुप डान्स होता आणि तो बघायला तिचे वडील गावाहून एसटीने आले होते. पास नव्हता. मुलगी मेकअप करून आत, फोन लागत नव्हता. मी म्हटलं, "काका, पासशिवाय नाही सोडता येणार." ते म्हणाले, "बरं बाई," आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले. मागे रांग होती. अर्ध्या तासाने गर्दी ओसरल्यावर मी टपरीवर गेले, तर टपरीवाला म्हणाला की शेवटची गाडी चुकेल म्हणून ते निघून गेले.

लक्षात घ्या, 'पेपर्स, प्लीज' मी याच्या आधीच खेळले होते. त्या बाईला परत पाठवून हळहळले होते, सगळ्यांना सांगत सुटले होते. तरी गेटवर मी तेच केलं. म्हणून गेम खेळून माणूस सुधारतो वगैरे मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की त्या रात्री झोप लागेना, आणि का लागत नाही ते मला नेमकं कळत होतं. रांग, घड्याळ, शिक्का. नियम बरोबर होता, मी त्याच्यामागे लपले होते. त्या मुलीला हे मी अजून सांगितलेलं नाही. हा लेख वाचून तिला कळेल. सॉरी, मनापासून.

असो. आता कुणी म्हणेल की मग गेममध्ये भरपूर पर्याय दिले की झाली चांगली गोष्ट! तसंही नाही. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' या २०१७ च्या गेममध्ये गोष्ट बदलण्याचा पर्याय जवळजवळ नाहीच. एका कुटुंबातली माणसं एकेक करून कशी गेली, त्याच्या या गोष्टी. त्यात लुईस नावाचा मुलगा मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करतो. आपण एका हाताने मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, पुढे ढकलायचा. परत मासा, परत पातं. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातल्या काल्पनिक राज्यात फिरायचं. हे राज्य आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात असतं, मग वाढत वाढत कारखानाच झाकून टाकतं. पण मासे येतच राहतात आणि हात आपोआप चालत राहतो.

सबमिशनच्या आठवड्यात असाइनमेंट उतरवणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको! पेन चालू असतं आणि आपण भलतीकडेच असतो. लेखकाने "त्याचं कामात लक्ष नव्हतं" असं लिहिलं असतं तर आपण वाचून पुढे गेलो असतो. इथे माझंच लक्ष माशांवरून उडालं. शेवट सांगत नाही, पण खेळलात तर एकट्याने खेळू नका. तो शेवट जड आहे, नंतर बोलायला कुणीतरी बरोबर असू द्या.

हरण्याचंही तसंच. बहुतेक गेममध्ये आपण मेलो की गोष्ट थांबते, 'रीस्टार्ट' दाबा. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'मध्ये जॉर्डन मेकनरने काय युक्ती केली बघा. राजपुत्र स्वतःच आपल्याला गोष्ट सांगतोय. आपण दरीत पडून मेलो की तो म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं, आणि पुन्हा सांगायला लागतो. आजी गोष्ट सांगताना चुकली की असंच करायची! म्हणजे आपलं मरणंसुद्धा गोष्टीत बसलं. 'डिस्को एलिझियम'मध्ये तर पहिल्याच खोलीत पंख्याला अडकलेला टाय काढताना आपला हीरो हार्ट अटॅकने मरू शकतो. त्याच्या डोक्यात चोवीस कौशल्यं चोवीस आवाजांत बोलतात. ज्याला जास्त पॉइंट द्याल तो जास्त बडबडतो, आणि तो खरं बोलेलच असं नाही! तिथे पॉइंट वाढवणं म्हणजे ताकद वाढवणं नाही, स्वभाव ठरवणं आहे.

याच्या उलट प्रकार रोज दिसतो. मधल्या फिल्ममध्ये हीरो हळवा, बायकोच्या आठवणीने डोळे ओले. फिल्म संपली, कंट्रोल आपल्या हातात आला, की तोच हीरो पुढच्या दहा मिनिटांत पन्नास जणांना गोळ्या घालतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. याला क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने २००७ मध्ये एक भारदस्त नाव दिलं, 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. (व्हायव्हात कामाला येणार नाही, पण बोलताना छाप पडते!) सोप्या भाषेत, तोंड एक सांगतंय आणि हात दुसरंच करतायत.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', २०२० सालचा. हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितलेली कथा, सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग. बघून ऊर भरून येतो, आणि हा पुण्यात झाला याचा अभिमान आहेच. पण अभिमानाने तक्रार थांबू नये. भावाची ओढ आपल्याला ऐकवली जाते, हात मात्र बहुतेक वेळ राक्षसच मारत असतात. ती ओढ हातात यायला हवी होती. दिसायला तो आपला आहेच, आता खेळतानाही आपला वाटणारा गेम यायला हवा.

आणि तो कोण करणार? आपणच ना! पण आपल्या कॉलेजमध्ये गेमिंग क्लब एकीकडे आणि वाङ्मय मंडळ दुसरीकडे. क्लबवाले म्हणतात, कोडिंग येणारा हवा, ग्राफिक्स येणारा हवा, स्टोरी काय, शेवटी टाकू कुणाकडून तरी लिहून. मंडळवाले म्हणतात, गेम म्हणजे टाइमपास. माझी सूचना आहे की दोघांनी महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र बसावं. मोठा गेम नको, दहा मिनिटांचा करा. मेसच्या रांगेचा, स्कॉलरशिपच्या फॉर्मचा, गेटवरच्या पासचा. फक्त संवाद लिहिण्याआधी नियम लिहा आणि तो नियम काय बोलतोय ते ऐका.

गेम न करणाऱ्यांनाही हे लागू आहे. उद्या आपल्यातले कितीतरी जण पोर्टल लिहिणार, ॲप लिहिणार, फॉर्म लिहिणार. 'हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' अशी ओळ आपल्यापैकीच कुणीतरी टाइप करणार, आणि पलीकडे कुणाचे तरी वडील बिनपासाचे उभे असणार. ती ओळ म्हणजेही एक गोष्टच आहे, फक्त ती दुसऱ्या कुणाला तरी जगावी लागते.

बघा, पटतंय का. आणि मॅडम, पुढच्या राउंडला दोन मिनिटं थांबा. एक शिक्का तुमच्या हातात देऊन बघते!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी