‘झेप’चे वाचक आणि पंढरपूरचा खून

ना. सं. इनामदारांची ‘झेप’ ही कादंबरी त्रिंबकजी डेंगळ्याची आहे, आणि त्रिंबकजी म्हटले की २० जुलै १८१५ ची रात्र टाळता येत नाही. त्या रात्री पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत पुण्यातली पेशवाई संपली. खुनाचे गूढ आणि युद्धाची चाहूल एकाच कथानकात असल्यामुळे या कादंबरीबद्दल वाचक नेहमीच तावातावाने मते मांडत आले आहेत.

शास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. पेशवे आणि गायकवाड यांच्या जुन्या देण्याघेण्याचा हिशेब आणि अहमदाबादचा इजारा, हे दोन तंटे मिटवण्यासाठी ते १८१४ मध्ये पुण्यात आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. इजाऱ्याची मुदत संपताच दुसऱ्या बाजीराव पेशव्याने अहमदाबादची सरसुभेदारी आपल्या मर्जीतल्या त्रिंबकजीला दिली, म्हणजे तंट्याचा लाभ थेट त्याच्याच पदरात पडला. पुढे शास्त्र्यांना आपलेसे करण्यासाठी सोयरिकीची बोलणी निघाली. बाजीरावाची मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला द्यायचे ठरले, तयारीही झाली, आणि शास्त्र्यांनी अंग काढून घेतले. पेशव्याचा असा पाणउतारा तोवर फारसा कोणी केला नव्हता.

आषाढात बाजीराव पंढरपूरला गेला, शास्त्री बरोबर होते. २० जुलैच्या संध्याकाळी शास्त्र्यांना बरे नव्हते आणि देवळात जायला त्यांनी आधी नकार दिला होता. त्रिंबकजीकडून पुन्हा पुन्हा बोलावणे आल्यावर ते थोडी माणसे घेऊन निघाले. विठोबाचे दर्शन झाले, त्रिंबकजीशी बोलणेही झाले. परतीच्या वाटेवर मागून काही माणसे ‘वाट सोडा’ असे ओरडत धावत आली आणि त्यांनी तलवारीने वार केले.

पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळकडे होता. त्याने माहिती जमवून त्रिंबकजीवर ठपका ठेवला आणि त्याला ताब्यात मागितले. बाजीरावाने बरीच टाळाटाळ केली, पण सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला त्रिंबकजी इंग्रजांच्या हवाली करावाच लागला. रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. पहारा मराठी न समजणाऱ्या गोऱ्या शिपायांचा होता. बाहेर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या मराठी गाण्यांतून पळण्याचा बेत आत पोचे, अशी हकिकत बिशप हेबरने नोंदवून ठेवली आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. त्याला धरून देण्याच्या तगाद्यातून जून १८१७ चा पुणे तह आला, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला आणि १८२९ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला. खुनाबद्दल त्याच्यावर रीतसर खटला कधीच चालला नाही.

वाचकांचे दोन तट पडतात ते इथेच. एका तटाला ‘झेप’ आवडते ती साध्या जासुदापासून वर चढलेल्या, इंग्रजांना नडणाऱ्या माणसाला तिने न्याय दिला म्हणून. दुसऱ्याला तेच खटकते: कादंबरीकाराने आरोपीचे वकीलपत्र घेतले, असा त्याचा आक्षेप. हा आक्षेप टिकत नाही. रेसिडेंटच्या दप्तरात फिर्यादीची बाजू भरपूर आहे. आरोपीला मात्र ती खोडून काढण्याची संधीच मिळाली नाही. शास्त्र्यांचे बडोद्यातले वैरी सीताराम रावजीच्या गटाचे होते आणि त्यांची माणसे तेव्हा पेशव्याच्या आसपास वावरत होती. संशयाला दुसरी वाट होती, पण तिचा शेवटपर्यंत माग काढला गेला नाही. दप्तर जिथे गप्प बसते तिथे कादंबरीकाराने बोलणे हा त्याचा हक्क आहे, आणि इतिहासाने बदनाम केलेल्या माणसांकडे वळणाऱ्या इनामदारांनी तो पूर्ण जाणिवेने बजावला.

पण पहिल्या तटाचेही पुरते बरोबर नाही. त्रिंबकजी इंग्रजांचा शत्रू होता, म्हणून तो निर्दोष, ही उडी पुराव्याला धरून नाही. पुन्हा पुन्हा धाडलेले निरोप, सरसुभेदारीतला स्वार्थ, मोडलेल्या सोयरिकीचा राग, हे सगळे त्याच्याच दिशेने बोट दाखवते. बाजीरावाला खुनाच्या बेताची कल्पना होती की नव्हती, हा तर सर्वांत अवघड प्रश्न, आणि रहस्यकथेची गोडी असलेल्या वाचकाने कादंबरीला तोच विचारायला हवा.

या वादात सर्वांत जास्त अन्याय होतो तो मेलेल्या माणसावर. शास्त्री इंग्रजांच्या आश्रयाने आले, त्यांच्या वागण्यात इंग्रजी ऐट होती, म्हणून त्यांच्या मरणाकडे युद्धाचे एक निमित्त म्हणून पाहिले जाते. खून झाला तो मात्र आजारी अंगाने देवदर्शनाला गेलेल्या, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये मारल्या गेलेल्या नारायणरावाबद्दल मराठी वाचक अजून हळहळतो. त्या हळहळीतला थोडा वाटा गंगाधरशास्त्र्यांनाही मिळायला हवा. ‘झेप’ पुन्हा वाचायला घेणाऱ्याने शास्त्र्यांची पाने सावकाश वाचावीत आणि सोबत गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली छापलेला पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही चाळावा. आरोपीची बाजू त्यात फारशी नाही, पण फिर्याद कशी रचली गेली ते त्यातल्या पत्रांवरून कळते.